मारबुर्गची संत एलिझाबेथ : ताटातल्या घासाची चौकशी करणारी राजकन्या

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरातून आगगाडीने उत्तरेकडे निघाले की सुमारे तासाभरात लान नदीच्या काठी वसलेले मारबुर्ग हे जुने नगर लागते. डोंगरमाथ्यावर हेस्से प्रांताच्या संस्थानिकांचा किल्ला आहे. त्याच्या उतारावर लाकडी चौकटींची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे आणि चढणीच्या दगडी गल्ल्या आहेत. येथील विद्यापीठाची स्थापना १५२७ साली झाली. लोककथांचे संग्राहक म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या ग्रिम बंधूंनी येथेच कायद्याचे शिक्षण घेतले. घटसर्पावरील उपचारासाठी १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळविणारे एमिल फॉन बेहरिंग येथेच प्राध्यापक होते. १५२९ साली मार्टिन लूथर व झ्विंगली या दोन सुधारकांनी येथील किल्ल्यात प्रभुभोजनाच्या अर्थाविषयी चर्चा केली, आणि त्यांचे एकमत न होताच ती संपली.

या नगरीस भेट देणाऱ्याला एक गोष्ट मात्र कोड्यात टाकते. युरोपातील जुन्या गावांत मुख्य चर्च बहुधा गावाच्या मध्यभागी, बाजारचौकाजवळ असते. मारबुर्गचे सर्वांत भव्य चर्च डोंगराच्या पायथ्याशी, जुन्या तटबंदीच्या बाहेर उभे आहे. दोन उंच मनोऱ्यांचे हे चर्च जर्मनीतील शुद्ध गॉथिक शैलीच्या अगदी पहिल्या वास्तूंपैकी एक मानले जाते. एवढे देखणे मंदिर वेशीबाहेर का बांधले गेले?

याचे उत्तर साधे आहे. येथे एक रुग्णालय होते. गोरगरीब, कुष्ठरोगी व निराधार माणसे गावाबाहेर ठेवली जात, आणि त्यांची सेवा करणारी एक तरुण विधवा त्यांच्याच शेजारी पुरली गेली. तिच्या कबरीवर हे चर्च उभे राहिले. ही विधवा म्हणजे हंगेरीच्या राजाची कन्या संत एलिझाबेथ. दरवर्षी १७ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा तिचा सण साजरा करते. आपल्यापैकी अनेकांनी तिचे चित्र पाहिले असेल : डोक्यावर मुकुट आणि पदरात गुलाबाची फुले. गरिबांसाठी लपवून नेलेल्या पावांची फुले झाली, ही कथा मोठी गोड आहे. परंतु तिच्या मृत्यूनंतर तिला जवळून ओळखणाऱ्या स्त्रियांनी शपथेवर दिलेल्या साक्षींमध्ये ती नाही; ती पुढे केव्हातरी तिच्या चरित्राला जोडली गेली. त्या साक्षींमधून दिसणारी एलिझाबेथ फुलांच्या चित्रातल्या एलिझाबेथपेक्षा पुष्कळ कणखर आहे.

चार वर्षांची वधू

एलिझाबेथचा जन्म १२०७ साली झाला. हंगेरीचा राजा दुसरा अँड्र्यू हा तिचा पिता आणि जर्मन सरदार घराण्यातील गर्ट्रूड ही तिची माता. त्या काळी राजघराण्यांतील विवाह हे दोन राज्यांतील करारच असत. १२११ साली, अवघी चार वर्षांची असताना, एलिझाबेथला थुरिंगियाच्या दरबारी पाठविण्यात आले. सम्राटाच्या अधीन, पण आपल्या मुलखात जवळजवळ राजासारखी सत्ता गाजविणाऱ्या तेथील संस्थानिकाला लांडग्राफ म्हणत. त्याच्या घरची भावी सून म्हणून ही चिमुरडी परक्या मुलखात, परक्या भाषेत वाढू लागली.

१२१३ साली हंगेरीतील बंडखोर सरदारांनी तिच्या आईचा खून केला. १२१६ साली लांडग्राफचा थोरला मुलगाही वारला. याच मुलासाठी एलिझाबेथला आणले होते असे म्हणतात. आता या मुलीला परत माहेरी धाडावे, असे दरबारातील अनेकांना वाटू लागले. ती प्रार्थनेत फार रमते, दासींशी बरोबरीने वागते, राजस्त्रीला शोभेल असा तिचा तोरा नाही, अशा तक्रारी होत्याच. पण धाकटा मुलगा लुडविग तिच्या बाजूने उभा राहिला. १२१७ साली पित्याच्या मृत्यूनंतर तो लांडग्राफ झाला आणि १२२१ साली त्याने एलिझाबेथशी विवाह केला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

करारातून जुळलेला हा विवाह खऱ्या प्रेमाचा ठरला. पती दौऱ्यावर निघाला की ती शक्य तेव्हा घोड्यावरून त्याच्याबरोबर जाई. तो दूर असला की दागदागिने काढून साधी वस्त्रे नेसे. तो परतला की पुन्हा त्याच्यासाठी नटे. रात्री ती प्रार्थनेसाठी उठे, तेव्हा तो तिचा हात हातात धरून, तू आता थोडी विश्रांती घे, अशी तिला विनवणी करी. त्यांना हर्मन, सोफी आणि गर्ट्रूड ही तीन अपत्ये झाली. संसारी माणसाला संतपद लाभत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एलिझाबेथच्या चरित्रातील ही सहा वर्षे अवश्य वाचावीत.

भरल्या ताटापुढे उपाशी

याच काळात असिसीच्या संत फ्रान्सिस यांचे अनुयायी आयझेनाख गावी पोहोचले. लांडग्राफचा वार्टबुर्ग किल्ला याच गावाच्या डोक्यावर उभा आहे. दारिद्र्याला आपली सखी मानणाऱ्या त्या बंधूंची शिकवण तरुण राणीच्या मनात खोल रुजली. पुढे कॉन्राड नावाचे मारबुर्गचे एक कडक धर्मगुरू तिचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. त्यांनी तिला एक बंधन घातले : अन्यायाने मिळविलेले अन्न तिने खाऊ नये.

आज हे बंधन लहानसे वाटेल. त्या काळी त्याने सारा दरबार अस्वस्थ झाला. राजवाड्याच्या पंगतीत येणारे धान्य, मांस आणि द्राक्षारस ठिकठिकाणांहून येत असे. काही लांडग्राफच्या हक्काच्या जमिनींतून येई. काही मात्र शेतकऱ्यांकडून जुलमाने वसूल केलेले किंवा चर्चच्या मालमत्तेतून बळकावलेले असे. एलिझाबेथ पंगतीत बसली की प्रत्येक पदार्थ कुठून आला याची चौकशी करी. अन्न न्यायाचे पण द्राक्षारस तसा नाही असे कळले, तर ती केवळ जेवे. द्राक्षारस न्यायाचा पण अन्न तसे नाही असे कळले, तर ती केवळ पिई. दोन्ही न्यायाचे असले की लहान मुलीसारखी टाळ्या पिटून ती आपल्या सख्यांना ही आनंदाची बातमी सांगे. कधी कधी भरल्या ताटापुढे बसून ती उपाशी उठे, आणि पाहुण्यांच्या ते ध्यानात येऊ नये म्हणून भाकरीचे तुकडे इकडून तिकडे सरकवीत राही. तिच्या सख्यांनीही हेच व्रत घेतले होते. लुडविगने त्यास आडकाठी केली नाही. लोकांच्या बोलण्याची भीती नसती तर आपणही हेच केले असते, अशी कबुली त्याने दिली होती.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. दानधर्म करणाऱ्या राण्या इतिहासात पुष्कळ झाल्या. आपल्या ताटातील घास कोणाच्या तोंडचा काढून आणला आहे, हे विचारणाऱ्या राण्या फारच थोड्या. दान देऊन मनाला समाधान मिळते. हा प्रश्न विचारला की मात्र घरात, दरबारात आणि नातेवाईकांत वैर ओढवते. एलिझाबेथच्या पुढील आयुष्यातील दुःखांचे एक मूळ या प्रश्नात आहे.

दुष्काळ

१२२६ साली थुरिंगियात भीषण दुष्काळ पडला. लुडविग त्या वेळी सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या कामासाठी इटलीत होता. राज्याचा भार एकोणीस वर्षांच्या एलिझाबेथवर होता. तिने लांडग्राफची धान्याची कोठारे उघडली. दररोजच्या वाटपात एकालाच पोतेभर देण्याऐवजी प्रत्येकाला त्या दिवसापुरते मिळेल असा तिचा कटाक्ष असे. किल्ल्याच्या खाली तिने अठ्ठावीस रुग्णांची सोय असलेले रुग्णालय उभारले. दिवसातून दोनदा गड उतरून ती त्यांची विचारपूस करी, आणि ज्यांच्या दुर्गंधीमुळे इतर जवळ जात नसत त्यांचे तोंड आपल्या वस्त्राने पुसे. पैसा अपुरा पडला तेव्हा दागिने आणि उंची वस्त्रे विकली.

सुगीचे दिवस आले तेव्हा तिने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. ज्यांच्या अंगात काम करण्याची शक्ती होती त्यांना तिने सदरे, पादत्राणे आणि विळे दिले. अनवाणी पायांना कापणीचे खुंट टोचू नयेत आणि त्यांनी स्वतःच्या कष्टाची भाकरी खावी, हा तिचा हेतू होता.

लुडविग परतला तेव्हा कारभाऱ्यांनी राणीच्या उधळपट्टीचे गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडले. आपले मुख्य किल्ले शाबूत असताना तिला देवासाठी हवे ते देऊ द्यावे, असे सांगून त्याने त्यांना वाटेला लावले.

वैधव्य

१२२७ च्या उन्हाळ्यात लुडविग सम्राटाबरोबर धर्मयुद्धासाठी निघाला. एलिझाबेथ तिसऱ्यांदा गरोदर होती. दक्षिण इटलीतील ओट्रांटो बंदरात तापाने आजारी पडून ११ सप्टेंबर रोजी त्याचे निधन झाले. बातमी गडावर पोहोचली तोवर धाकटी गर्ट्रूड जन्मली होती. वयाच्या विसाव्या वर्षी एलिझाबेथ विधवा झाली. पतीबरोबर आपले सारे जगच मेले, असा आकांत तिने केला.

राज्याची सूत्रे दीर हाइनरिश याच्या हाती गेली आणि विधवेच्या हक्काची मालमत्ता तिच्यापासून रोखून धरण्यात आली. त्याच हिवाळ्यात तिने वार्टबुर्ग सोडला. तिला हाकलून देण्यात आले असे तिच्या सख्या सांगतात. दिराच्या पंगतीत अन्यायाचे अन्न खाण्याऐवजी ती स्वतःहून बाहेर पडली असेही अनेक अभ्यासक मानतात. दोन्हींचा अर्थ एकच होतो : त्या गडावर तिच्या प्रश्नाला जागा उरली नव्हती. पहिली रात्र तिने आयझेनाखमध्ये एका पडवीत काढली, जेथे पूर्वी डुकरे ठेवली जात. पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी ती फ्रान्सिस्कन बंधूंच्या चर्चमध्ये गेली आणि देवाच्या उपकारस्तुतीचे गीत गाण्याची विनंती तिने त्यांना केली.

ज्या गावाला तिने दुष्काळात जगविले, तेथे तिला आसरा देण्यास सरदारांच्या भीतीने कोणी धजेना. एकदा चिखलाच्या गल्लीतून दगडांवर पाय टाकीत जात असता समोरून एक म्हातारी आली. तिच्यावर एलिझाबेथने पूर्वी उपकार केले होते. म्हातारीने वाट दिली नाही आणि एलिझाबेथ चिखलात पडली. ती हसतच उठली आणि आपली वस्त्रे धुण्यास गेली.

तिचे मामा एकबर्ट हे बांबेर्गचे बिशप होते. तिने पुन्हा विवाह करावा अशी त्यांची इच्छा होती. तिने ठाम नकार दिला. १२२८ साली लुडविगच्या अस्थी घेऊन त्याचे सोबती बांबेर्गला आले. त्या अस्थींपुढे तिने प्रार्थना केली. पती परत मिळावा म्हणून सारे जग देऊन त्याच्यासोबत भीक मागण्यासही आपली तयारी होती, पण देवाच्या इच्छेविरुद्ध आपण त्याला एका केसाच्या मोलानेही मागणार नाही, असा त्या प्रार्थनेचा आशय होता.

मारबुर्ग

त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी तिने आयझेनाखच्या फ्रान्सिस्कन चॅपेलमध्ये वेदीवर हात ठेवून स्वतःच्या इच्छेचा आणि जगाच्या वैभवाचा त्याग केला. मालमत्तेचाही त्याग करण्यास ती निघाली होती. परंतु पतीची कर्जे फेडायची आहेत आणि गरिबांना द्यायचे आहे, हे दाखवून कॉन्राड यांनी तिला थांबविले. अखेर नातेवाईकांनी तिच्या हक्कापोटी दोन हजार मार्क आणि मारबुर्गजवळील काही उत्पन्न तिला दिले. त्यातील पाचशे मार्क तिने एकाच दिवशी गरिबांना वाटले. रात्र झाली तरी अशक्त व आजारी माणसे कुंपणाच्या कडेला पडून होती. तिने त्यांच्यासाठी शेकोट्या पेटविल्या, त्यांचे पाय धुतले, त्यांना भाकरी दिली. शेकोटीभोवती ती माणसे गाऊ लागली तेव्हा तिला अतिशय आनंद झाला.

उरलेल्या पैशांतून वेशीबाहेर रुग्णालय उभे राहिले. ते तिने संत फ्रान्सिस यांना समर्पित केले. फ्रान्सिस यांना त्याच वर्षी, म्हणजे १२२८ साली, संतपद मिळाले होते. राखाडी रंगाचा झगा घालून ती रुग्णांना न्हाऊमाखू घाली, भरवी, त्यांच्या जखमा धुई. लकवा झालेल्या एका अनाथ मुलाला रात्रीतून सहा सहा वेळा उचलून ती शौचास नेई. स्वतःच्या पोटासाठी ती लोकर कातून मजुरी कमावी. एकदा आगाऊ मजुरी घेतल्यावर ती आजारी पडली, तेव्हा न कातलेली लोकर तिने परत पाठविली आणि तिच्याबरोबर त्या भागाचे पैसेही. पित्याने तिला परत आणण्यासाठी पाठविलेल्या हंगेरियन उमरावाला राजकन्या लोकर कातत बसलेली दिसली. तो रिकाम्या हाताने परत गेला.

येथे एक कटू सत्य सांगणे आवश्यक आहे. कॉन्राड यांचे मार्गदर्शन अतिशय कठोर होते. बालपणापासून सोबत असलेली गुडा आणि सखी इझेनट्रूड यांना त्यांनी तिच्यापासून दूर केले. आज्ञाभंग झाला की ते तिला मारहाण करीत व करवीत. यात संतपदाची साधना होती असे म्हणून जुन्या चरित्रकारांनी त्यावर पांघरूण घातले. आज आपण तसे करू नये. आत्म्याची काळजी वाहण्याच्या नावाखाली एका माणसाने दुसऱ्यावर गाजविलेली ती सत्ता होती, आणि धर्मगुरू या नात्याने हे लिहिताना मला संकोच वाटला तरी ते लिहिलेच पाहिजे. एलिझाबेथ संत झाली ती त्या फटक्यांमुळे नव्हे. फटके सोसूनही तिचे मन कोमल आणि चेहरा प्रसन्न राहिला, हे तिच्यातील देवाच्या कृपेचे काम होते. पाखंड्यांचा छळ करणारा चौकशी अधिकारी म्हणून पुढे कॉन्राड यांनी साऱ्या मुलखात दहशत निर्माण केली आणि ३० जुलै १२३३ रोजी त्यांचा खून झाला.

मुलांचा विरह हेही तिच्या जीवनातील मोठे दुःख होते. तिघांनाही तिने इतरांच्या स्वाधीन केले. तान्ह्या गर्ट्रूडला आल्टेनबर्ग येथील मठात ठेवण्यात आले. पुढे ती तेथील मठाध्यक्षा झाली आणि ख्रिस्तसभेने तिलाही धन्यवादित मानले. एका आईच्या या निर्णयाचे कोडे आपल्याला सहज सुटणार नाही. ते सोडविण्याची घाईही करू नये.

अस्थी आणि वारसा

रुग्णालयात जेमतेम तीन वर्षे सेवा करून, १७ नोव्हेंबर १२३१ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी एलिझाबेथने देह ठेवला. अंगावरचा जुना झगा सोडून आपले जे काही आहे ते गरिबांचे आहे, असे तिने मृत्युशय्येवरून सांगितले होते. लोकांची रीघ लागली. तिच्या वस्त्रांचे तुकडेही भाविकांनी आठवण म्हणून कापून नेले. चारच वर्षांनी, २७ मे १२३५ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी पेरुजा येथे तिला संत म्हणून घोषित केले. त्याच वर्षी मारबुर्गच्या चर्चची पायाभरणी झाली. १ मे १२३६ रोजी तिच्या अस्थी नव्या जागी हलविण्यात आल्या, तेव्हा सम्राट दुसरा फ्रेडरिक अनवाणी पायांनी आला आणि त्याने तिच्या मस्तकावर सोन्याचा मुकुट ठेवला. जिवंतपणी तिने उतरविलेला मुकुट मृत्यूनंतर तिला परत मिळाला.

तीन शतके मारबुर्ग हे युरोपातील मोठे यात्रास्थान होते. मग १८ मे १५३९ रोजी हेस्सेचा लांडग्राफ फिलिप याने तिच्या अस्थी सुवर्णपेटीतून काढून घेतल्या. हा फिलिप तिच्याच कन्येच्या, सोफीच्या वंशातील. तो लूथरच्या बाजूस गेला होता आणि अस्थींची यात्रा बंद करणे हा त्याचा हेतू होता. कॅथलिकांना या घटनेचे दुःख वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच फिलिपने १५३३ साली हायना येथील बंद केलेल्या मठात खेड्यांतील गरीब रुग्णांसाठी रुग्णालय सुरू केले, आणि पाठोपाठ आणखी काही. पूर्वजेच्या अस्थी त्याने दूर केल्या, तिचे काम मात्र त्याला दूर करता आले नाही.

मारबुर्गचे ते चर्च आज लूथरपंथीय आहे. रत्नजडित रिकामी सुवर्णपेटी तेथे जपलेली आहे. वेदीमागील तेराव्या शतकातील रंगीत काचांमध्ये एलिझाबेथ भुकेल्यांना अन्न देताना, तहानलेल्यांना पाणी देताना दिसते. २००७ साली तिच्या जन्माला आठशे वर्षे झाली तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही बाजूंनी तिचे स्मरण केले. किल्ल्यावरच्या चर्चेत ज्यांचे एकमत झाले नव्हते, त्यांच्या वंशजांना डोंगराच्या पायथ्याशी ही एक विधवा जोडून देते.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामांत दानधर्माची कमतरता नाही. सणासुदीला गरिबांना अन्न जाते, आजाऱ्यांसाठी निधी उभा राहतो. ही आनंदाची गोष्ट आहे. पण एलिझाबेथचा प्रश्न दानपेटीपाशी थांबत नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात येतो. आपल्या घरी राबणाऱ्या बाईला तिचा पूर्ण मोबदला मिळाला का? आपल्या बांधकामावरील मजुराची मजुरी थकली तर नाही? भावंडांतल्या कोणाचा हक्काचा वाटा आपल्या ताटात तर आला नाही? जेवणापूर्वी क्रूसाची खूण करून आपण अन्नासाठी देवाचे आभार मानतो. यंदाच्या १७ नोव्हेंबरला, आभार मानण्याआधी, हे अन्न कोठून आले असे एकदा स्वतःला विचारू या. ताटातले सारे न्यायाचे आहे असे उत्तर मिळाले, तर एलिझाबेथसारख्या आपणही टाळ्या पिटाव्यात. आणि तसे उत्तर न मिळाल्यास ज्याचे त्याला परत करण्याचे धैर्य तिच्या प्रार्थनेने आपणांस लाभो.